पोटगीच्या थकबाकीपोटी घर

पोटगीच्या थकबाकीपोटी घर देणे ही घटस्फोटित पती-पत्नींमधील तडजोड असून तीत पती थकलेल्या रकमेच्या बदल्यात घर, किंवा त्यातील आपला हिस्सा, पत्नीच्या नावे करतो व पत्नी रकमेवरील दावा सोडते. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ च्या कलम १४४ नुसार थकबाकीच्या वसुलीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून एका वर्षात करावा लागतो. रखडलेल्या वसुलीपेक्षा डोक्यावरचे छप्पर अनेकींना अधिक भरवशाचे वाटते.

हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ च्या कलम १४(१) मध्ये निर्वाहाऐवजी किंवा निर्वाहाच्या थकबाकीऐवजी मिळालेल्या मालमत्तेचा स्पष्ट उल्लेख आहे. हिंदू स्त्री अशा मालमत्तेची पूर्ण मालक होते. तडजोडनाम्यात केवळ हयातीपुरता हक्क लिहिलेला असला तरी हाच नियम लागू होतो, असे सर्वोच्च न्यायालयाने व्ही. तुळसम्मा विरुद्ध शेष रेड्डी (१९७७) या विधवेच्या निर्वाहाच्या खटल्यात ठरवले. कलम १४ च्या दोन पोटकलमांमधील हा वाद डिसेंबर २०२४ मध्ये मोठ्या खंडपीठाकडे सोपवण्यात आला.

मुद्रांकावर लिहून नोटरी केलेल्या कबुलीने मालकी बदलत नाही. तासगावसारख्या तालुक्याच्या गावी दुय्यम निबंधकांकडे दस्त नोंदवून मग मालमत्ता पत्रकावर किंवा सातबाऱ्यावर फेरफार करून घ्यावा लागतो. घर दाव्याचाच विषय असेल, तर तडजोडीच्या हुकूमनाम्याला नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम १७(२)(सहा) नुसार नोंदणीतून सूट मिळते. घरावर कर्ज असल्यास बँकेचा बोजा मात्र कायम राहतो.