युद्धातली जीप, ट्रॅक्टरचं इंजिन आणि आपली पांदण



मागच्या पंधरवड्यात काटोल-कळमेश्वर भागातल्या तिघांनी फोन करून जवळपास एकच विचारलं, "भाऊ, मोठी फोर बाय फोर घ्यावी का? वावरात कामी येते का?" एकाचा संत्र्याचा बगीचा पांदणीच्या पार टोकाला आहे. दुसऱ्याची जमीन रस्त्यात गेली, त्याचे पैसे आलेत. तिसऱ्याकडे जुनी डिझेल जीप आहे, तिला उंच करून मोठे टायर लावायचे आहेत. फोनवर सांगून होत नाही म्हणून इथं लिहितो. थोडं मागून सुरू करतो, कारण या गाडीतला कोणता भाग काऊन बसवला हे तिच्या इतिहासातच कळते.

जीप जन्मली लढाईसाठी. १९४० साली अमेरिकी सैन्यानं १३५ कंपन्यांना हलक्या, चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीचा नमुना मागितला. बँटम नावाच्या छोट्या कंपनीनं सप्टेंबरमध्ये पहिला नमुना दिला. पुढं मोठी ऑर्डर विलीज आणि फोर्डनं घेतली आणि युद्ध संपेपर्यंत ६ लाखांवर जीप बनल्या. विलीजचं इंजिन २.२ लिटरचं, ६० हॉर्सपॉवरचं, पेट्रोलवर चालणारं.

आपल्या कामाची गोष्ट इथून पुढं आहे. लढाई संपायच्या आधीच विलीजला प्रश्न पडला की शांततेत ही गाडी घेणार कोण? त्यांचं उत्तर होतं, शेतकरी. १९४४-४५ च्या नमुन्यांवर चक्क 'अ‍ॅग्रीजीप' अशा पट्ट्या होत्या. १९४५ मध्ये बाजारात आलेल्या सीजे-२ए ची जाहिरात नांगरणारी, मळणीयंत्र फिरवणारी, माल ओढणारी गाडी अशीच होती. मागं पीटीओ लावायची सोय होती. १९५१ मध्ये तर हायड्रॉलिक लिफ्टची 'फार्म जीप' काढली. म्हणजे शहरातले लोक आज जिला हौसेची गाडी म्हणतात, ती लढाईतून सरळ वावरात आणायचा बेत होता.

बेत फसला. काऊन फसला ते एका हिशोबात दिसते. पुढं आपल्याकडं वर्षानुवर्षं बनलेल्या सीजे-३बी चे आकडे घ्या. पहिला गिअर २.८, लो रेंज २.४६, अ‍ॅक्सल ५.३८. तिघांचा गुणाकार ३७. म्हणजे इंजिन ३७ वेळा फिरलं की चाक एकदा फिरते. त्या टायरचा घेर सव्वादोन मीटर धरा. इंजिनाचे हजार फेरे असले तर गाडी तासाला साडेतीन-पावणेचार किलोमीटर जाते. आपल्या बैलजोडीची चाल! वेग जमला, पण वजन? गाडी हजार किलोच्या आसपास, त्यातलंही अर्धं पुढच्या चाकांवर. ट्रॅक्टरचं वजन मागच्या मोठ्या चाकांवर असते आणि फाळ जमिनीत ओढला की आणखी मागं येते. जीपला ते जमत नाही. शिवाय दिवसभर बैलाच्या चालीनं ओढायचं म्हणजे रेडिएटरला वारा नाही, इंजिन तापते, क्लच जळते. अमेरिकेतल्या शेतकऱ्यांनी जीप ठेवली, पण नांगराला ट्रॅक्टरच जुंपला. आजही कोणी "थारनं वखर ओढून दाखवतो" म्हणाला तर व्हिडिओ पाहा, मजा घ्या, तिथंच सोडा.

आता आपल्याकडं. कैलासचंद्र महिंद्रा युद्धकाळात वॉशिंग्टनला भारताच्या पुरवठा मिशनचं काम पाहत होते. तिथं त्यांची विलीजचे इंजिनिअर बार्नी रूस यांच्याशी ओळख झाली. १९४५ मध्ये भाऊ जगदीशचंद्र आणि मलिक गुलाम मोहम्मद यांच्यासोबत 'महिंद्रा अँड मोहम्मद' ही कंपनी निघाली, धंदा पोलादाचा. फाळणी झाली, गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनीचं नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' झालं. सुट्ट्या भागांच्या पेट्या जहाजानं यायच्या आणि मुंबईत माझगावला जीप जोडली जायची. पहिल्या खेपेत ७५ गाड्या होत्या.

(त्याच काळात जीपनं दिल्लीत वेगळाच धुरळा उडवला होता. १९४८ मध्ये लंडनमार्फत सैन्यासाठी जुन्या जीप घ्यायचा ८० लाखांचा करार झाला. आल्या फक्त १५५, त्याही कामाच्या नाहीत. स्वतंत्र भारतातला पहिला मोठा 'घोटाळा' म्हणून त्याचं नाव आजही निघते.)

खेड्यात मात्र जीप आधी आली ती सरकारची म्हणून. २ ऑक्टोबर १९५२ ला सामूहिक विकास कार्यक्रम सुरू झाला, गट पडले, गटविकास अधिकारी आले आणि त्यांच्यासोबत जीप. माझ्या लहानपणी गावात "जीप आली" म्हटलं की साहेब आला असाच अर्थ होता. शेतकऱ्याच्या दारात खासर, दमणी किंवा छकडा. पेट्रोल पिणारी जीप दारात ठेवणारा म्हणजे मालगुजाराच्या घरातला.

हे चित्र बदललं ते डिझेलनं. या सगळ्या इतिहासात मला हा भाग सर्वांत जवळचा वाटते.

१९६३ मध्ये महिंद्रानं अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टरसोबत ट्रॅक्टरची कंपनी काढली आणि १९६५ पासून बी-२७५ ट्रॅक्टर येऊ लागला. ३५ हॉर्सपॉवरचा. आपल्यापैकी कित्येकांच्या घरचा पहिला ट्रॅक्टर हाच. १९७७ मध्ये ही कंपनी महिंद्रात विलीन झाली. आपल्या हिंगणा एमआयडीसीतला ट्रॅक्टरचा कारखाना याच घराण्यातला. मधेच १९७३ चं तेलसंकट आलं आणि जगात कच्च्या तेलाचा भाव काही महिन्यांत जवळपास चौपट झाला. पेट्रोलची जीप पोसणं सरकारलाही जड जाऊ लागलं. तेव्हा कंपनीनं काय केलं? जवळ होतं ते ट्रॅक्टरचंच डिझेल इंजिन जीपच्या बॉनेटखाली बसवलं! साधारण २.३५ लिटरचं, वजनदार, सावकाश फिरणारं, पण ओढायला तयार. गाडी हायवेवर पळायची नाही, आवाज ट्रॅक्टरचा, थरथर ट्रॅक्टरची. पण गावातल्या ज्या मिस्त्रीला बी-२७५ उघडता यायचा त्याला ही जीपही उघडता यायची. बऱ्याचशा पार्टसाठी ट्रॅक्टरचं दुकान पुरे. अमेरिकेत जीपला ट्रॅक्टर करायला निघाले होते ते जमलं नाही. आपण ट्रॅक्टरचं काळीज जीपमध्ये घातलं, ते चाललं.

'अपग्रेड' हा शब्द नव्हता तेव्हापासून आपल्याकडं हे काम चालत आलं आहे. सरकारी खात्याच्या हर्रासीत निघालेली पेट्रोल जीप घ्यायची आणि तिला ट्रॅक्टरचं नाही तर मॅटाडोरचं डिझेल इंजिन बसवायचं. लोखंडी टप, मागं लांब बाकं, ओढायला हूक. हे हौसेसाठी नव्हतं, एका लिटरमागं जास्त किलोमीटर मिळावे म्हणून होतं.

ऐंशीच्या दशकात प्यूजोचं २,११२ सीसीचं डिझेल इंजिन आलं आणि ९१ इंच व्हीलबेसची एमएम ५४० आली. माझ्याकडं तीच आहे, दुसऱ्या मालकाकडून घेतलेली. नव्वदच्या दशकात कमांडर आणि ट्रॅक्स काळीपिवळी बनून उमरेड, सावनेर, भिवापूरच्या रस्त्यांवर माणसं कोंबून धावल्या. त्यांचा इतिहास कोणी तरी वेगळा लिहायला पाहिजे. डिसेंबर १९८५ मध्ये आलेली मारुती जिप्सी सैन्यात गेली आणि आपल्याकडं ताडोबा-पेंचच्या सफारीत राहिली. हलकी असल्यानं चिखलात कमी रुतते, पण पेट्रोलवर असल्यानं शेतकऱ्यानं तिला फारसं घरात घेतलं नाही.

मंग गाडी मोठी होत गेली. २००० मध्ये बोलेरो, २००२ मध्ये स्कॉर्पिओ. २०१० मध्ये थार आली ती जुन्या जीपचीच नात. २०२० च्या २ ऑक्टोबरला नवी थार आली: एसी, टर्बो, ऑटोमॅटिक गिअर, वजन पावणेदोन टनांच्या घरात. जुन्या सीजे-३बी शी हे वजन ताडून पाहा, त्याच्यावर पुढं बोलायचं आहे.

आणि एक गंमत. २०१८ मध्ये महिंद्रानं त्याच जुन्या साच्यातली २.५ लिटर डिझेलची 'रॉक्सर' अमेरिकेत, मिशिगनमध्ये बनवून विकली. रस्त्यावर न्यायची परवानगी नसलेली, फार्मवर आणि रानात चालवायची गाडी. जीप ब्रँडच्या तेव्हाच्या मालकानं, फियाट क्रायस्लरनं, दिसण्यावरून खटला भरला आणि २०२० मध्ये महिंद्राला तोंडवळा बदलावा लागला. सत्तर वर्षांनी शेतकऱ्याची जीप परत गेली, ती मुंबईमार्गे!

आता तिघांच्या प्रश्नाकडं येतो.

पहिला, पांदणीवाला. आपली जमीन काळी कन्हार. पाणी पडलं की फुगते, चिकटते, टायरच्या खाचा भरून टाकते. मंग टायर गुळगुळीत दगडासारखं होते. चारही चाकांना ताकद असली तरी साध्या डिफरन्शिअलमध्ये ताकद जे चाक मोकळं फिरते त्याच्याकडंच पळते. एक पुढचं, एक मागचं फिरलं की फोर बाय फोर जागच्या जागी. म्हणून फोर बाय फोरपेक्षा मागचं डिफरन्शिअल लॉक होते का ते आधी विचारा, नंतर टायर पाहा. संत्र्याचे क्रेट न्यायला आणि फवारणीचं पाणी ओढायला, खडीकरण न झालेल्या पांदणीत अशी गाडी कामी येते, हे मी माझ्या अनुभवानं सांगतो. पण पांदणीचं खडीकरण मंजूर होत असेल तर आधी त्याच्यामागं लागा. तो रस्ता सगळ्या धुऱ्यांचा, गाडी एकट्याची.

कृषी खात्यातल्या मंडळींनी इथं लक्ष द्यावं. जमिनीच्या वरच्या थरावर दाब येतो तो ढोबळमानानं टायरच्या हवेइतका, आणि खोल थर दबतो तो अ‍ॅक्सलवरच्या एकूण वजनानं. रुंद टायर लावून हवा कमी केली तर वरचा दाब कमी होतो, खोलचा नाही. वजन पावणेदोन टन, वर माल. ओल्या कन्हारीत झाडांच्या ओळींमधून रोज त्याच चाकोरीनं नेली तर मुळांजवळ कडक थर बनतोच. आपल्या नागपुरात मृद सर्वेक्षणाचं राष्ट्रीय केंद्र १९७६ पासून आहे. काळ्या जमिनीवर तिथं इतकं काम झालं आहे, तर बगीच्यातल्या चाकोरीवरही कोणी मोजमाप करून द्यावं. माझा साधा नियम: मुठीत दाबलेल्या मातीचा गोळा फुटत नसेल तर गाडी धुऱ्यावर उभी.

तिसऱ्याचं आधी सांगतो, जुन्या जीपवाल्याचं. २८ इंची टायर काढून ३१ इंची लावले की प्रत्येक फेऱ्यात गाडी ११ टक्के जास्त जाते. म्हणजे ओढ तितकी कमी झाली आणि काटा ५० दाखवतो तेव्हा तुम्ही ५५ वर आहात. ब्रेक मात्र जुनेच. वर लिफ्ट लावली की वजन उंचावर गेलं, वळणावर कलते. पांदणीत हवा कमी केली असेल तर डांबरावर यायच्या आधी भरून घ्या. समृद्धीवर १२० ची मर्यादा आहे. कमी हवेचं टायर उन्हाळ्यात काँक्रीटवर तापून फुटते. आणि कोरड्या डांबरावर फोर बाय फोर काढून ठेवायचं, नाही तर ट्रान्सफर केस ताण खाते.

कायदाही पाहून घ्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या मूळ रचनेत फरक करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच सांगितलं. इंजिन बदलायचं तर आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद लागते. पुढं लोखंडी गार्ड लावायला केंद्रानं डिसेंबर २०१७ मध्येच मनाई केली आहे. नोंद नसलेल्या बदलावर अपघातानंतर विमा अडतो, तेव्हा कोणी येत नाही. माझा सल्ला: जुन्या जीपवर खर्च करायचा तर आधी ब्रेक, स्टिअरिंगचे जोड, रेडिएटर आणि खालचा गंज. नंतर मूळ मापाचेच, पण चिखलाचे टायर. त्यात तुमचं काम भागेल.

राहिला दुसरा, ज्याचे जमिनीचे पैसे आलेत. भाऊ, तुमच्यासारख्या बऱ्याच दारांत मी नव्या गाड्या उभ्या पाहिल्या आहेत आणि चार-पाच वर्षांनी त्यातल्या काही विकायला निघालेल्याही. गाडीचा भाव दरवर्षी उतरतो, गेलेली जमीन त्या भावात परत भेटत नाही. आधी जमिनीच्या बदल्यात जमीन पाहा, नसेल तर विहीर, ठिबक, कुंपण. त्यातून उरलं आणि गाडी घ्यायचीच असेल तर नवी न घेता चांगली वापरलेली फोर बाय फोर पाहा. पाहायला जाताना मिस्त्री सोबत न्या. लो रेंज टाकून चिखलात चालवून बघितल्याशिवाय बयाणा देऊ नका. पुष्कळ गाड्यांचा तो लिव्हर वर्षानुवर्षं कोणी हलवलेला नसते, जाम होऊन बसते. आरसीवरचा इंजिन नंबर आणि गाडीवरचा नंबर स्वतः वाचून जुळवा.