पिडिंग्टनचं पत्र आणि मातला नदीवरचं बंदर

कोलकात्यात राहणाऱ्या आपल्या मराठी मंडळींना सियालदहवरून सुटणारी कॅनिंग लोकल माहीत असेल. सुंदरबनला जायचं तर बहुतेक जण याच गाडीने निघतात. दक्षिण बंगालच्या खेड्यांतून घरकामाला, बाजाराला येणाऱ्या बायाबापड्यांनी ही गाडी खच्चून भरलेली असते. पण हा लोहमार्ग टाकला गेला तो या माणसांसाठी नव्हे. तो एका बंदरासाठी होता. ते बंदर कसं बुडालं आणि त्यातून किनाऱ्यावरच्या जंगलाबद्दल काय शिकता येतं, हा आजचा विषय.

1850च्या सुमारास कलकत्त्याच्या व्यापाऱ्यांना एक धास्ती लागली होती. हुगळी नदी गाळाने भरते आहे, उद्या मोठी जहाजं शहरापर्यंत येणार नाहीत, मग काय? पर्याय म्हणून कलकत्त्याच्या आग्नेयेला सुमारे 45 किलोमीटरवरची मातला नदी पुढे आली. पात्र रुंद, खोल. बंगालीत 'मातला' म्हणजे झिंगलेला, बेभान. मराठी कानाला हा शब्द समजावून सांगायची गरज नाही. स्थानिक लोकांनी नदीला हे नाव उगाच दिलेलं नव्हतं, पण सरकारी कागदांत नावाच्या अर्थाला रकाना नसतो.

एका माणसाने मात्र ही नदी गांभीर्याने घेतली. हेन्री पिडिंग्टन. जहाजावरचा माणूस, पुढे कलकत्त्यात स्थायिक झालेला. बंगालच्या उपसागरात सापडलेल्या जहाजांच्या नोंदवह्या गोळा करायच्या, वारा कधी कुठून वाहत होता ते नकाशावर मांडायचं आणि वादळाचा मार्ग काढायचा, हा त्याचा वर्षानुवर्षांचा उद्योग. ही वादळं वेटोळं घालत फिरतात हे दाखवण्यासाठी त्याने ग्रीक शब्दावरून एक नवा शब्द बनवला : सायक्लोन. आज जगभर वापरला जाणारा हा शब्द कलकत्त्यात जन्मला.

पिडिंग्टनला आणखी एक गोष्ट कळली होती. चक्रीवादळात माणसं वाऱ्यापेक्षा पाण्याने जास्त मरतात. आंध्रच्या किनाऱ्यावर, गोदावरीच्या मुखाजवळच्या कोरिंगा बंदरात 1789 साली समुद्राच्या लाटा गाव गिळून गेल्या होत्या. त्याची हकिगत त्याने लिहून ठेवली आहे. म्हणून 1853 साली त्याने गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसीला जाहीर पत्र लिहिलं. आशय असा : मातलेच्या काठी वसाहत कराल तर एक दिवस असा येईल की वादळात खारं पाणी झपाट्याने चढेल आणि सगळी वस्ती पाच ते पंधरा फूट पाण्याखाली जाईल.

पत्राचा काही उपयोग झाला नाही. पिडिंग्टन 1858 साली वारला. 1862-63मध्ये रेल्वे आली आणि नव्या बंदराला व्हाइसरॉय लॉर्ड कॅनिंगचं नाव मिळालं.

इथे आपली मुंबई गोष्टीत शिरते. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता आणि हातात खेळणारा पैसा कुठे घालावा हे लोकांना कळत नव्हतं. समुद्रात भर घालून जमीन करणाऱ्या कंपन्यांचं पीक आलं. बॅकबे, माझगाव, कुलाबा... आणि त्याच यादीत पोर्ट कॅनिंग. हजारेक मैल दूर दलदलीतल्या एका बंदराचे शेअर मुंबईत चढ्या भावाने विकले जात होते. ते घेणाऱ्यांपैकी किती जणांनी मातला पाहिली असेल? मधल्या काळात, 5 ऑक्टोबर 1864 रोजी, खुद्द कलकत्त्यावर चक्रीवादळ आलं. हुगळीतून लाट चढली, जहाजं काठावर फेकली गेली, हजारो माणसं मेली. तरी कॅनिंगचा बेत बदलला नाही.

1 नोव्हेंबर 1867च्या वादळात मातलेवर पाच-सहा फुटांची लाट आली. पिडिंग्टनने सांगितलेल्या अंदाजाच्या खालच्या टोकाची, म्हणजे तशी बेताचीच. पण स्टेशन, मालाची गोदामं, हॉटेल यांची धूळधाण करायला ती पुरली. पुढच्या पाच वर्षांत सरकारने बंदराचा नाद सोडला.

ही गोष्ट साधारणपणे इथेच संपवतात : द्रष्टा शास्त्रज्ञ आणि आडमुठे साहेब. माझ्या मते खरा भाग याच्या बाजूला राहून जातो. कारण ज्या 1853मध्ये पिडिंग्टनने पत्र लिहिलं, त्याच वर्षी सुंदरबनची जमीन 99 वर्षांच्या पट्ट्याने देण्याचे नियम झाले. अट अशी की ठरावीक मुदतीत ठरावीक हिस्सा जंगल तोडून लागवडीखाली आणायचा, नाहीतर पट्टा रद्द. त्याआधी, 1829-30मध्ये, डॅम्पियर आणि हॉजेस या अधिकाऱ्यांनी सुंदरबनची हद्द आखली होती. तिच्या आतलं सगळं सरकारच्या लेखी पडीक. पडीक म्हणजे महसूल न देणारं. बंदर बुडाल्यावर जी कंपनी पुढे चालली तिच्या नावातच 'जमीन सुधारणा' हे शब्द होते. सुधारणा म्हणजे जंगलतोड. तेव्हा बंदर एक गेलं, पण बंदरापुढचं कवच तोडण्याचं काम त्यानंतर कित्येक दशकं रीतसर, शिक्क्यानिशी चालू राहिलं.

कवच हा शब्द मी जपून वापरतोय. कांदळवन म्हणजे भिंत नव्हे. कोकणातल्या खाडीत तिवराच्या झाडाभोवती चिखलातून वर आलेली बोटभर मुळं तुम्ही पाहिली असतील, किंवा कांदळाची मांडव घातल्यासारखी मुळं. वादळात फुगलेलं पाणी या मुळाखोडांतून घुसतं तेव्हा घासतं, अडखळतं, त्याचा जोर कमी होतो. वरच्या लाटा शंभर मीटरच्या पट्ट्यातही बऱ्याच मोडतात. पण पाण्याची एकूण पातळी घटते ती किलोमीटरमागे साधारण 5 ते 50 सेंटीमीटर. म्हणजे पाच मीटरच्या लोंढ्यापुढे झाडांची चार ओळींची रांग काही कामाची नाही. रुंदी लागते, कित्येक किलोमीटर. हे एकदा लक्षात घेतलं की फोटोपुरत्या रोपलागवडीची किंमत आपोआप कळते.

दुसरं काम त्याहून सावकाश चालतं. भरतीचं पाणी रोज गाळ आणतं, मुळं तो धरून ठेवतात, जमीन हळूहळू वर येते. सुंदरबनात शेतीसाठी नदीकाठी मातीचे बांध घातले. भारताच्या हद्दीत ते आज सुमारे साडेतीन हजार किलोमीटर आहेत. बांधामुळे खारं पाणी थांबलं, पण गाळही थांबला. आतली जमीन खचत, दबत गेली. बाहेर नदीचं पात्र मात्र गाळाने वर येत राहिलं. आज अनेक बेटांवर भरतीच्या वेळी नदी शेतापेक्षा उंच असते. 25 मे 2009ला आयला वादळ भरतीच्या वेळीच आलं, शेकडो किलोमीटर बांध फुटले किंवा खचले आणि आत शिरलेलं खारं पाणी बाहेर पडायला वाट नव्हती. तिथली शेतं पुढे काही हंगाम मिठाने पांढरी राहिली.

आता कोणी म्हणेल, जंगल वाचवतं हे सिद्ध कोणी केलं? ओडिशाने केलं, फार मोठी किंमत देऊन. 29 ऑक्टोबर 1999चं महाचक्रीवादळ. जगतसिंहपूर जिल्ह्यातल्या एरसमाच्या आसपास समुद्र आत आला आणि राज्यात सुमारे दहा हजार माणसं गेली. उत्तरेकडच्या केंद्रापाडा जिल्ह्यात, भितरकनिकाच्या बाजूला, कांदळवन बऱ्यापैकी शिल्लक होतं. पूर्वी ते कनिकाच्या राजांच्या ताब्यात होतं. 1944 साली जिल्ह्यात सुमारे 31 हजार हेक्टर असलेलं वन 1999पर्यंत 18 हजारांच्या आसपास आलं होतं. सौदामिनी दास आणि जेफ्री व्हिन्सेंट या अर्थशास्त्रज्ञांनी तिथली 409 गावं घेतली. समुद्रापासूनचं अंतर, जमिनीची उंची, लोकांची परिस्थिती हे सगळं हिशेबात धरून पाहिलं. गाव आणि समुद्र यांच्यामध्ये जिथे कांदळवनाचा पट्टा रुंद, तिथे मृत्यू कमी. त्यांचा निष्कर्ष 2009 साली प्रसिद्ध झाला. त्याच अभ्यासात हेही आहे की वेळेवर मिळालेल्या इशाऱ्याने जंगलापेक्षा जास्त जीव वाचवले. जंगलाच्या प्रेमापोटी ही ओळ गाळणारे लोक मी पाहिले आहेत. गाळू नये.

मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो रुची बडोला आणि एस. ए. हुसेन यांचा 2005चा लहानसा अभ्यास. भितरकनिका भागातली तीनच गावं. एकाला कांदळवनाचा आडोसा, एकाला बांध, एकाला दोन्ही नाही. घरटी नुकसान सर्वांत कमी कुठे? कांदळवनाच्या गावात, हे अपेक्षितच. सर्वांत जास्त मात्र उघड्या गावात नव्हे, तर बांधाच्या गावात. उघड्या गावातलं पाणी आलं तसं ओसरलं. बांध ओलांडून किंवा फोडून आत आलेलं पाणी बांधाने कोंडून ठेवलं.

म्हणून बांध पाडा असं मी म्हणत नाही. सुंदरबनात लाखो माणसं त्या बांधांच्या आत राहतात. त्यांच्या पणजोबांना जंगल तोडायला पट्टेदारांनी नेलं होतं, आणि पट्टेदारांना सरकारच्या अटींनी. बांधाबाहेर रोपं लावायची तर पुष्कळ ठिकाणी लावायला काठच उरलेला नाही, नदी थेट बांधाला भिडली आहे. मग बांध मागे घ्यावा लागतो आणि कोणाचं तरी शेत बाहेर टाकावं लागतं. कोणाचं, आणि त्याला बदल्यात काय, या प्रश्नापाशी बहुतेक योजना अडतात. 1853च्या पट्ट्यांचा हिशेब अजून फिटलेला नाही, असं मी म्हणतो ते यासाठी.

आपल्याकडे मुंबई उच्च न्यायालयाने 2005 साली कांदळवनाच्या तोडीला मनाई केली आणि 2012मध्ये राज्याने वेगळा कांदळवन कक्ष स्थापला. ज्या शहराने पोर्ट कॅनिंगचे शेअर घेतले त्या शहराच्या खाड्यांची कथा स्वतंत्र भाग मागते, ती पुढे कधीतरी.

पुढच्या भागात 1864च्या वादळाकडे परत जाऊ. त्या वादळानंतर बंदरांना आगाऊ इशारा देण्याची धडपड कशी सुरू झाली आणि 1875मध्ये भारताचं हवामान खातं कसं उभं राहिलं, ते पाहू.