घरोघरी १९२.१६८.१.१ : एका तात्पुरत्या तोडग्याचा इतिहास (धागा)

नवा राउटर घरी आणला की त्याची जोडणी जेमतेम दहा मिनिटांची असते. सेवा देणाऱ्या कंपनीकडून आलेली तार वेगळ्या रंगाच्या, एकट्या पोर्टमध्ये जाते. संगणकाची तार उरलेल्या चारांपैकी कोणत्याही एकात. मग ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ हा आकडा लिहायचा, नाव व पासवर्ड द्यायचा, की राउटरचे अंतरंग उघडते. इंटरनेट अजून सुरू झालेले नसतानाही हे पान उघडते, कारण तो पत्ता इंटरनेटवर नाहीच. तो त्या घराच्या चार भिंतींतला आहे.

हाच आकडा ठाण्यातल्या सदनिकेत चालतो, सावंतवाडीच्या जुन्या घरात चालतो आणि बॉस्टनमधल्या एखाद्या मराठी कुटुंबाकडेही चालतो. वास्तविक पत्ता म्हणजे जो एकाचाच असतो तो. टपालखात्याने कोट्यवधी घरांना एकच पत्ता दिला असता तर एकही पत्र पोहोचले नसते. इंटरनेटच्या मूळ रचनेतही प्रत्येक यंत्राचा पत्ता जगात एकमेव असणे ही पहिली अट होती. ती अट कोणी, कधी आणि कशासाठी सोडली, याचा हा वृत्तांत.

१९७७ च्या सुमारास व्हिंट सर्फ आणि त्यांचे सहकारी निरनिराळ्या नेटवर्कांना परस्परांशी जोडण्याचा प्रयोग करीत होते. पत्ता किती लांबीचा असावा यावर बराच खल झाला आणि अखेर ३२ बिटांवर शिक्कामोर्तब झाले. बत्तीस घरे, प्रत्येकात शून्य किंवा एक. म्हणजे एकूण ४,२९,४९,६७,२९६ पत्ते. त्या वेळच्या जगाच्या लोकसंख्येइतकीच ही संख्या होती. एका प्रयोगाला एवढे पत्ते पुष्कळ झाले, असा तो हिशेब होता. सर्फ यांनी पुढे अनेकदा सांगितले की तो प्रयोग कधी संपलाच नाही. सप्टेंबर १९८१ मध्ये हीच लांबी नियमांत आली आणि १ जानेवारी १९८३ रोजी अमेरिकी संरक्षण खात्याच्या पैशावर उभ्या राहिलेल्या आर्पानेटने हे नियम स्वीकारले.

संख्या अपुरी पडली हे खरे. पण त्याआधी वाटप बिघडले, हे सहसा सांगितले जात नाही. पत्त्यांचे तीन वर्ग होते. ‘अ’ वर्गाच्या एका गटात १,६७,७७,२१६ पत्ते, ‘ब’ वर्गात ६५,५३६ आणि ‘क’ वर्गात अवघे २५६. दोन हजार संगणक असलेल्या विद्यापीठाला ‘क’ तोकडा पडे, म्हणून ते ‘ब’ घेई आणि साठ हजारांहून अधिक पत्ते पडून राहत. मॅसॅच्युसेट्सच्या एमआयटीकडे तर अख्खा ‘अ’ गट होता. फोर्ड या मोटार कंपनीकडेही होता. जे लवकर आले त्यांना जहागिरी मिळाल्या. एमआयटीने त्यातला मोठा भाग थेट २०१७ मध्ये विकला.

ऑगस्ट १९९० मध्ये इंटरनेटच्या अभियंत्यांच्या सभेत फ्रँक सोलेन्स्की, फिल ग्रॉस आणि सू हेअर्स यांनी एक गणित मांडले : याच वेगाने वाटप चालले तर ‘ब’ वर्गाचे गट मार्च १९९४ पर्यंत संपतील. हे भाकीत शब्दशः खरे ठरले नाही, कारण १९९३ मध्ये वर्ग मोडून हव्या त्या आकाराचे गट देण्याची पद्धत आली. तरी घबराट खरी होती आणि पुढचे सारे निर्णय तिच्या छायेत झाले.

बरोबर मार्च १९९४ मध्ये एक टिपण प्रसिद्ध झाले. इंटरनेटचे नियम आरएफसी नावाच्या क्रमांकित टिपणांतून घडतात. याचा क्रमांक १५९७. लेखक याकोव्ह रेख्टर, रॉबर्ट मॉस्कोविट्झ, डॅनियल कारेनबर्ग आणि खेर्ट यान डी ग्रूट. त्यांचे म्हणणे असे की प्रत्येक यंत्राला जगाशी बोलायचे नसते. उदाहरणे मोठी बोलकी आहेत : विमानतळावरचे आगमन-प्रस्थानाचे फलक, दुकानांतली गल्ल्याची यंत्रे, बँकांची पैसे देणारी यंत्रे. यांना एकमेव पत्ता कशाला? तीन पट्टे बाजूला काढावेत आणि ते कोणीही, कोणाला न विचारता, आपल्या आवारात वापरावेत. घराचा त्यात उल्लेखही नाही. संगणकांचे जाळे घरात असेल, अशी कल्पना तेव्हा कोणाच्या डोळ्यांसमोर नव्हती.

तीन पट्ट्यांतला सर्वांत मोठा १० ने सुरू होतो आणि त्याची कथा रंजक आहे. १० हा क्रमांक खुद्द आर्पानेटचा होता. १९९० मध्ये आर्पानेट बंद झाले, क्रमांक मोकळा झाला आणि पूर्वजाची ती जमीन गायरान म्हणून सर्वांना खुली करण्यात आली. दुसरा पट्टा १७२.१६ ते १७२.३१, तिसरा १९२.१६८. यातला तिसरा सर्वांत लहान, ६५,५३६ पत्त्यांचा. घरांच्या वाट्याला पुढे बहुतेक करून हाच आला.

या प्रस्तावाला चारच महिन्यांत, जुलै १९९४ मध्ये, जाहीर विरोध झाला. एलियट लीअर, एरिक फेअर, डेव्ह क्रॉकर आणि टॉम केसलर या चौघांनी आरएफसी १६२७ लिहून १० हा क्रमांक असा वाटणे घातक असल्याचे बजावले. त्यांचा पहिला आक्षेप पद्धतीवर होता : एवढा मूलभूत बदल नेहमीच्या खुल्या चर्चेविना झाला. दुसरा आक्षेप अधिक खोल होता. पत्ता एकमेव असणे हा इंटरनेटचा पाया आहे; तो सोडला की कोणतेही यंत्र कोणत्याही यंत्राशी थेट बोलू शकते ही हमी जाते. उद्या दोन संस्था एकत्र आल्या आणि दोघींच्या आवारात तेच आकडे निघाले, तर काय करणार, असेही त्यांनी विचारले.

या वादाचा शेवट फेब्रुवारी १९९६ मध्ये आरएफसी १९१८ ने झाला. पट्टे तेच राहिले, मात्र त्यांचे तोटे स्पष्ट शब्दांत नोंदले गेले. लेखकांच्या यादीत आता पाच नावे होती आणि पाचवे नाव एलियट लीअर यांचे होते. विरोधकाने पराभव मान्य केला असे याला म्हणणे अन्यायाचे ठरेल. ज्या गोष्टीला थांबवता येत नाही तिचे इशारे तरी नीट लिहून घ्यावेत, एवढे त्याने साधले. तत्त्वाच्या बाजूने पाहिले तर विरोधकांचेच म्हणणे बरोबर होते. व्यवहारात मात्र तोवर लोकांनी तो मार्ग धरलाही होता.

नुसत्या खासगी पत्त्यांनी घरातून इंटरनेट दिसत नाही. त्यासाठी आत-बाहेर करणारा दुभाषा लागतो. मे १९९४ मध्ये शेल एगेवांग आणि पॉल फ्रान्सिस यांनी पत्ता-बदलाची ही युक्ती, म्हणजे नॅट, आरएफसी १६३१ मध्ये मांडली. ती केवळ तात्पुरती सोय असल्याचे त्यांनी लिहिलेच, शिवाय ती दीर्घकाळासाठी अयोग्य आहे आणि कदाचित अल्पकाळासाठीही अयोग्य ठरेल, अशी कबुलीही दिली. आपल्याच शोधाविषयी इतके प्रांजळ लेखन क्वचित आढळते. त्याच वर्षी अमेरिकेत जॉन मेज यांच्या कल्पनेतून आणि ब्रँटली कॉइल यांनी लिहिलेल्या प्रणालीतून पिक्स नावाचे यंत्र तयार झाले. कल्पना टेलिफोनवरून घेतलेली होती : कचेरीला बाहेरच्या तारा मोजक्या, आत एक्स्टेंशन पुष्कळ. सिस्को कंपनीने १९९५ मध्ये ती कंपनीच विकत घेतली.

घरातला राउटर आज जे करतो ते समजायला सरकारी कचेरीतली आवक-जावक नोंदवही पुरेशी आहे. आतल्या संगणकाने पत्र पाठवले की राउटर त्यावरचा खासगी पत्ता खोडतो, कंपनीने दिलेला एकमेव सार्वजनिक पत्ता लिहितो, सोबत एक पोर्ट क्रमांक टाकतो आणि जावक नोंदीत लिहून ठेवतो की हा क्रमांक अमक्या खोलीतल्या यंत्राचा. उत्तर त्याच क्रमांकावर येते. नोंद पाहून ते योग्य खोलीत पोहोचते. ज्या पत्राची जावक नोंदच नाही, ते आवकमध्ये घेतले जात नाही. घरातला माणूस जगाला हाक मारू शकतो; जग त्याला आपणहून हाक मारू शकत नाही. लीअर आणि मंडळींची भीती नेमकी हीच होती.

तारेचा इतिहास तुलनेने सरळ आहे. १९७३ मध्ये झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील प्रयोगशाळेत रॉबर्ट मेटकाफ यांनी इथरनेटची कल्पना मांडली. तिच्यात सर्व संगणक एकाच जाड केबलवर टांगलेले असत आणि केबल कुठेही तुटली तर सगळेच बसत. १९९० मध्ये टेलिफोनसारख्या पिळाच्या तारेवर चालणारे इथरनेट प्रमाणित झाले; प्रत्येक यंत्राला आपली तार आणि मध्ये एक पेटी. राउटरच्या मागची ती चार पोर्टांची ओळ तिथून आली.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत केबल आणि डीएसएलचे ब्रॉडबँड पसरू लागले तेव्हा कंपन्यांचा दंडक होता : एक जोडणी, एक संगणक. काही कंपन्या तर पहिल्या संगणकाच्या नेटवर्क कार्डाचा मॅक क्रमांक नोंदवून ठेवीत आणि दुसऱ्याला दाद देत नसत. कॅलिफोर्नियातील लिंक्सिस ही कंपनी नेमकी या जागी शिरली. तैवानहून आलेल्या जेनी आणि व्हिक्टर त्साओ या दांपत्याने ती १९८८ मध्ये घरातून सुरू केली होती. १९९९-२००० च्या सुमारास आलेला त्यांचा निळा-काळा, चार पोर्टांचा राउटर घराघरांत गेला. त्याचा पत्ता होता १९२.१६८.१.१ आणि पासवर्ड ॲडमिन. राउटरांच्या पानांवर मॅक क्रमांकाची नक्कल करण्याची सोय अजूनही आढळते; ती त्या काळच्या लपंडावाची खूण आहे. २००३ मध्ये सिस्कोने लिंक्सिसही घेतली, ५० कोटी डॉलरला.

महाराष्ट्रात हे सारे उलट्या क्रमाने आले. १९८६-८७ मध्ये मुंबईत जुहूचे एनसीएसटी आणि पवईचे आयआयटी यांच्यात टेलिफोनवरून ई-मेल सुरू झाले होते, पण ते संस्थांपुरते. सामान्यांसाठी विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सेवा उघडली. स्वस्त खात्यात केवळ अक्षरांचा पडदा मिळे. वापरणाऱ्याच्या संगणकाला इंटरनेटचा पत्ताच नसे. महाग खात्यात तो मिळे, पण फोन चालू असेपर्यंतच. आपल्या घराला जगात एकमेव, कायमचा पत्ता असण्याचा काळ इथल्या सामान्य ग्राहकाने पाहिलाच नाही.

जानेवारी २००५ मध्ये बीएसएनएल आणि एमटीएनएलचे ब्रॉडबँड आले. त्याआधीच्या ऑक्टोबरात जाहीर झालेल्या धोरणानुसार २५६ केबीपीएस म्हणजे ब्रॉडबँड. सोबतच्या मोडेमचा पत्ता १९२.१६८.१.१, नाव ॲडमिन, पासवर्डही ॲडमिन. पीपीपीओई हा पर्याय निवडून कंपनीने दिलेले नाव भरायचे, ही कृती तेव्हापासून रूढ झाली. तार चोवीस तास जोडलेली असताना नाव-पासवर्ड कशाला, असा प्रश्न रास्त आहे. उत्तर असे की डायल-अपच्या काळातली हिशेबाची यंत्रणा कंपन्यांना टाकायची नव्हती. म्हणून १९९९ मध्ये ती इथरनेटवर बसवण्याची ही रीत ठरली.

नॅटमुळे आतले संगणक बाहेरून दिसत नाहीत, त्यामुळे घर सुरक्षित आहे असा समज पसरला. तो निम्मा खरा आहे. नोंदवही सांभाळणारा कारकून स्वतः मात्र रस्त्यावर बसलेला असतो. जुलै २०१७ च्या अखेरीस बीएसएनएलच्या हजारो ग्राहकांचे मोडेम एका घातक प्रणालीच्या हल्ल्याने बंद पडले; ॲडमिन-ॲडमिन हे मूळ पासवर्ड अनेक ठिकाणी तसेच राहिले होते. ते बदलण्याचे आवाहन कंपनीला करावे लागले. जोडणी करताना घाईत वगळली जाणारी पायरी हीच.

दरम्यान ३ फेब्रुवारी २०११ रोजी जगाच्या मध्यवर्ती साठ्यातले शेवटचे पत्ते वाटले गेले आणि त्याच वर्षी १५ एप्रिलला आशिया-प्रशांत विभाग आपल्या अखेरच्या गटावर आला. १२८ बिटांच्या पत्त्यांचा आयपीव्ही६ हा नियम डिसेंबर १९९५ पासून तयार होता. नॅटने दुखणे सुसह्य केल्यामुळे औषध लांबणीवर पडले. भारतात त्याला खरी गती २०१६ नंतर, जिओच्या मोबाइल जाळ्याबरोबर आली.

घरच्या राउटरवर या कथेचा पुढचा भाग स्वतः पाहता येतो. १९२.१६८.१.१ उघडून स्थिती दाखवणाऱ्या पानावर बाहेरच्या, म्हणजे वॅन बाजूचा पत्ता वाचावा. तो १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला असेल, तर तो एप्रिल २०१२ मध्ये कंपन्यांसाठी राखलेला, वाटून घ्यायचा पत्ता आहे. राउटर जगासमोर नसून कंपनीच्या मोठ्या नॅटच्या आत आहे आणि एकच सार्वजनिक पत्ता अनेक घरांत विभागलेला आहे. अशा घरी बाहेरून कॅमेरा पाहण्यासाठी पोर्ट उघडून काही उपयोग होत नाही. काही ठिकाणी हा आकडा १० ने सुरू झालेला दिसतो. तो पट्टा आर्पानेटचा.