शारजातील तिरंगी सामना आणि एक विसरलेली जोडी

तीन राष्ट्रांच्या एकदिवसीय स्पर्धेची प्रथा ऑस्ट्रेलियात १९७९-८० च्या हंगामात रूढ झाली. आशियाने ती स्वीकारली ती मात्र वेगळ्या निकडीतून. जून १९८३ मध्ये भारताने विश्वचषक जिंकला, तरी क्रिकेटची सारी सूत्रे लंडनमध्येच होती. भारतीय क्रिकेट नियामक मंडळाचे तत्कालीन अध्यक्ष, नागपूरचे एन. के. पी. साळवे यांना हे मानवणारे नव्हते. सप्टेंबर १९८३ मध्ये नवी दिल्लीत आशियाई क्रिकेट परिषद स्थापन झाली आणि एप्रिल १९८४ मध्ये पहिला आशिया चषक खेळला गेला, तोही सहभागी तिघांपैकी कोणाच्याच भूमीवर नव्हे, तर वाळवंटातील शारजात!

अब्दुल रहमान बुखातिर या क्रिकेटवेड्या उद्योगपतीने उभारलेल्या त्या मैदानाला प्रेक्षक पुरविले ते पोटापाण्यासाठी आखातात गेलेल्या भारतीय व पाकिस्तानी मंडळींनी. गाव सोडून परमुलखात राहणाऱ्याला आपला संघ डोळ्यांनी पाहण्याचे अप्रूप किती असते, हे आपणां मंडळवासीयांस वेगळे सांगावयास नको.

सामने अवघे तीन. अंतिम फेरी नव्हतीच. ६ एप्रिल रोजी श्रीलंकेने पाकिस्तानला पाच गडी राखून हरविले. कसोटीचा दर्जा मिळून तीनही वर्षे न झालेल्या संघाचा हा पराक्रम! दोन दिवसांनी मात्र हाच संघ भारतापुढे ९६ धावांत गारद झाला. सुरिंदर खन्ना व गुलाम पारकर यांनी एकही गडी न गमावता विजय मिळविला. १३ एप्रिलच्या शुक्रवारी, म्हणजे तिथल्या सुटीच्या दिवशी, पाकिस्तानशी गाठ पडली. कपिल देव संघात नव्हते. नेतृत्व सुनील गावसकरांकडे होते. खन्नांच्या ५६ व संदीप पाटलांच्या ४३ धावांच्या बळावर भारताने ४६ षटकांत १८८ धावा केल्या. ही संख्या काही मोठी नव्हे. परंतु रॉजर बिन्नी व रवी शास्त्री यांनी तीन-तीन बळी घेतले आणि पाकिस्तानचा डाव १३४ धावांत आटोपला.

मालिकावीर ठरले ते यष्टीरक्षक खन्ना. पुढे आशिया चषकाचे वैभव वाढले. त्याच्या पहिल्या विजयाच्या या जोडीचे नाव मात्र क्वचितच कोणी घेतो. खन्ना एकूण १० एकदिवसीय सामने खेळले. रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेल्या पारकरांच्या वाट्याला तितकेच एकदिवसीय सामने आले, आणि कसोटी एकच, १९८२ मधील लॉर्ड्सवरची.