आधी ‘कशासाठी?’ विचारा

पहिल्या वर्षाच्या मुलांना मेससाठी एखादी प्रणाली आखायला सांगितली की ती थेट लॉगिनचं पान काढायला बसतात. मेसच्या मावशींना काय हवंय, हे कागदावर कुठेच नसतं. मग मी त्यांना टोरांटोची हकिगत सांगते.

तिथल्या विद्यापीठात एरिक यू यांनी १९९५ साली पीएच.डी.चा प्रबंध दिला. माहिती कुठून कुठे जाते, हे दाखवणाऱ्या आकृत्या तेव्हाही होत्या. ती कुणाला, कशासाठी हवी, हे त्यांतून कळत नसे. यूंनी माणसं वर्तुळात मांडली आणि कुणाचं काय कुणावर अवलंबून आहे, ते रेघांनी जोडलं. हीच ‘आय-स्टार’ पद्धत. त्यांचे मार्गदर्शक जॉन मायलोपोलस यांनी चुंग आणि निक्सन यांच्यासह १९९२ मध्ये आणखी एक मोलाची गोष्ट केली होती. ‘सोपं’, ‘विश्वासार्ह’ अशा, पूर्ण झाल्या की नाही हे छातीठोक सांगता न येणाऱ्या अपेक्षांनाही त्यांनी आकृतीत जागा दिली. आय-स्टारमध्ये त्या ढगाच्या आकारात येतात. मला तरी या विषयातला सर्वांत शहाणा आकार हाच वाटतो.

मेसच्या आकृतीत तो ढग काढला की वर्ग जागा होतो. मावशींना खाड्यांचा आकडा आदल्या रात्री हवा; त्यासाठी त्या मुलांवर अवलंबून. मुलांना खाड्याचे पैसे वळते करून हवेत. ते मावशींच्या हातात. आदल्या रात्री कळवल्यानं ‘अन्न वाया जाऊ नये’ या ढगाला मदत होते, पण ‘ऐनवेळी बेत बदलता यावा’ याला बाधा येते. इथे मुलं वाद घालायला लागतात. घालू द्यावा.

पुढे या पद्धतीचे अनेक पाठभेद झाले. ती मोकळीक संशोधकांच्या पथ्यावर पडली, पण नवशिक्यांचे आणि शिक्षकांचे हाल झाले. अखेर २०१६ मध्ये दाल्पियाझ, फ्रांक आणि हॉर्कॉफ यांनी ‘आय-स्टार २.०’ हा आटोपशीर गाभा मांडला. एखादी गोष्ट दुसरीला किती पोषक वा मारक, हे सांगणारे दुवे त्यात फक्त ४ उरले.

शिकवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे: पहिल्याच तासाला चिन्हांचा तक्ता वाटू नका. आधी मुलांना मावशींशी बोलायला पाठवा.