आइस हॉकीतील आक्रमण प्रशिक्षक

आइस हॉकीच्या सामन्यात खेळाडूंच्या बाकामागे सूट-टाय परिधान केलेले तीन-चार जण उभे असतात. त्यांपैकी मुख्य प्रशिक्षक सर्वांना ठाऊक असतो. इतरांची नावे कट्टर चाहत्यांखेरीज फारशी कोणाच्या लक्षात राहत नाहीत. संघाने गोल कसे करावेत, हे ठरविण्याची जबाबदारी या इतरांपैकी एकावर सोपविलेली असते. कागदोपत्री त्याचे पद बहुधा ‘साहाय्यक प्रशिक्षक’ एवढेच असले, तरी व्यवहारात तो आक्रमण प्रशिक्षक होय.

उत्तर अमेरिकेतील नॅशनल हॉकी लीगमध्ये (एनएचएल) ही श्रमविभागणी तशी अलीकडची आहे. १९७२ मध्ये फिलाडेल्फिया फ्लायर्सचे प्रशिक्षक फ्रेड शेरो यांनी माइक निकोलुक यांना हाताशी घेतले. लीगमधील पहिले पूर्णवेळ साहाय्यक प्रशिक्षक म्हणून निकोलुक यांचे नाव घेतले जाते. फ्लायर्सने १९७४ आणि १९७५ असा सलग दोनदा स्टॅन्ली चषक जिंकला. पुढे हे पद सर्वत्र रूढ झाले आणि कालांतराने बचाव, आक्रमण, गोलरक्षण अशी कामाची वाटणीही झाली.

या खेळात गोलरक्षकासह सहा जण बर्फावर असतात आणि जेमतेम पाऊण मिनिट खेळून ते बाकावर परततात. त्यांच्या जागी नवे खेळाडू येतात तेही खेळ न थांबवता. एवढ्या वेगात बाहेरून सूचना देऊन काही साधत नाही. म्हणूनच आक्रमण प्रशिक्षकाचे बहुतेक काम सामन्याआधी, सरावाच्या बर्फावर आणि चित्रफितींसमोर होते. प्रतिस्पर्ध्याच्या निळ्या रेषेपलीकडे पक (कठीण रबराची चकती) हातच्या ताब्यात ठेवून न्यायचा, की आत फेकून त्यामागे धावायचे? एक जण पकमागे गेला, तर उरलेल्या दोघांनी कोठे थांबायचे? अशा प्रश्नांची उत्तरे खेळाडूंच्या अंगवळणी पाडावी लागतात.

या साऱ्याच्या मुळाशी गोलरक्षक असतो. आधुनिक गोलरक्षक दहापैकी नऊ फटके अडवतो. जो फटका त्याला नीट दिसतो, तो तर सहसा आत जातच नाही. तेव्हा त्याच्यासमोर खेळाडू उभा करून त्याची दृष्टी अडवणे, किंवा पक मैदानाच्या एका अंगाकडून दुसरीकडे झटकन देऊन त्याला आडवे सरकण्यास भाग पाडणे, हे दोन उपाय उरतात. आक्रमणाच्या बहुतेक योजना या दोहोंचीच रूपे असतात.

मात्र या प्रशिक्षकाची खरी कसोटी ‘पॉवर प्ले’मध्ये लागते. क्रिकेटने हा शब्द २००५ मध्ये स्वीकारला. आइस हॉकीत तो त्याच्या कितीतरी आधीपासून रुळलेला होता. नियमभंग करणाऱ्या खेळाडूला साधारणतः दोन मिनिटे बाहेर बसावे लागते आणि तेवढा वेळ पाच विरुद्ध चार असा सामना होतो. पूर्वी ही दोन मिनिटे गोल झाला तरी पूर्ण भोगावी लागत. ५ नोव्हेंबर १९५५ रोजी मॉन्ट्रियल कॅनेडियन्सच्या जाँ बेलिव्होने बोस्टनविरुद्ध एकाच पॉवर प्लेमध्ये ४४ सेकंदांत तीन गोल केले. मॉन्ट्रियलचा हा धडाका इतरांना इतका असह्य झाला, की १९५६-५७ च्या हंगामापासून एक गोल होताच शिक्षा झालेल्या खेळाडूला परत येऊ देण्याचा नियम झाला.

आपल्याकडील वाचकाला यावरून मैदानी हॉकीतील पेनल्टी कॉर्नर आठवेल. तोही असाच घोटून बसवलेला असतो. पण कॉर्नर काही क्षणांत संपतो, पॉवर प्ले मात्र वाहता राहतो. त्यामुळे ठरलेल्या चालीपेक्षा ठरलेल्या जागांना महत्त्व येते.

ॲडम ओट्स यांचे काम या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे. खेळाडू म्हणून १,०७९ गोलसाहाय्ये नावावर असलेले ओट्स हे दुसऱ्याला गोलची संधी निर्माण करून देण्यात निष्णात होते. ब्रेट हलने १९९०-९१ मध्ये सेंट लुईसकडून केलेल्या ८६ गोलांमागे त्यांच्या पासेसचा मोठा वाटा होता. टॅम्पा बे आणि न्यू जर्सी येथे साहाय्यक म्हणून काम केल्यावर २०१२ मध्ये ते वॉशिंग्टन कॅपिटल्सचे मुख्य प्रशिक्षक झाले. तेथे त्यांनी पॉवर प्लेसाठी १-३-१ ही रचना बसवली : एक खेळाडू निळ्या रेषेजवळ, तीन मधल्या पट्टीत आणि एक गोलच्या तोंडाशी. उजव्या हाताने खेळणाऱ्या अलेक्झांडर ओवेचकिनला त्यांनी डाव्या वर्तुळात उभे केले, म्हणजे पलीकडून आलेला पास न थांबवता त्याला तसाच फटकावता यावा.

ही जागा साऱ्या लीगला पाठ झाली, तरी तिचा बंदोबस्त करणे कोणाला जमले नाही. कारण ओवेचकिनला चिकटून राहण्यासाठी एक बचावपटू खर्ची घातला, की उरलेल्या बर्फावर चौघांविरुद्ध तिघे उरतात. २०१२-१३ मध्ये वॉशिंग्टनने २६.८ टक्के पॉवर प्ले गोलमध्ये रूपांतरित करून लीगमध्ये अव्वल स्थान मिळवले. ६ एप्रिल २०२५ रोजी ओवेचकिनने वेन ग्रेट्झकीचा ८९४ गोलांचा विक्रम मोडला. तो ८९५ वा गोल पॉवर प्लेमध्ये, त्याच डाव्या वर्तुळातून झाला. ओट्स तेव्हा तेथे नव्हते.

ते तेथे का नव्हते, यात या भूमिकेची मर्यादा दिसते. २०१३-१४ मध्ये वॉशिंग्टनचा पॉवर प्ले लीगमध्ये दुसऱ्या क्रमांकावर होता आणि ओवेचकिनने सर्वाधिक ५१ गोल केले होते. परंतु पॉवर प्लेचे गोल ज्यात धरले जात नाहीत, त्या ‘प्लस-मायनस’ गणनेत तोच खेळाडू उणे ३५ वर होता. खेळाडूंची संख्या समान असताना संघ मार खात होता. तो बाद फेरीत पोहोचला नाही आणि एप्रिल २०१४ मध्ये ओट्स यांना जावे लागले.

एडमंटन ऑइलर्सची कथा याच धर्तीची. ग्लेन गुलुत्झन यांच्या देखरेखीखालील पॉवर प्लेने २०२२-२३ मध्ये ३२.४ टक्के यश मिळवून १९७७-७८ च्या मॉन्ट्रियलचा ३१.९ टक्क्यांचा उच्चांक मागे टाकला. लिऑन ड्रायसायटलने एकट्याने पॉवर प्लेमध्ये ३२ गोल केले. कॉनर मॅकडेव्हिड आणि त्याचे साथीदार नेमलेल्या जागी खिळून राहत नसत. सहज जागा बदलत. अशा खेळाडूंना शिकवण्यापेक्षा त्यांच्या आड न येणे अधिक अवघड असते, आणि गुलुत्झन यांचे श्रेय तेथे आहे. तथापि त्याच वर्षी बाद फेरीत पॉवर प्ले ४६ टक्क्यांवर गेला असूनही एडमंटन दुसऱ्या फेरीत व्हेगासकडून पराभूत झाले.

जुलै २०२५ मध्ये डॅलस स्टार्सने गुलुत्झन यांची मुख्य प्रशिक्षकपदी नेमणूक केली. याच संघाची धुरा त्यांनी २०११ ते २०१३ या काळात वाहिली होती आणि त्या दोन्ही हंगामांत डॅलसला बाद फेरी गाठता आली नव्हती.