एरंडेल आणि आकाश

‘ओसाड गावी एरंड बळी’ ही म्हण आपल्या पूर्वजांनी महाराष्ट्रातून येताना बरोबर आणली, आणि सुरतेत तिला सख्खी बहीण भेटली : ‘उज्जड गाममां एरंडो प्रधान’. दोन्ही भाषांनी एरंडाची थट्टाच केली. लहानपणी नाक दाबून पाजलेले एरंडेल आठवले की आम्हीही त्या थट्टेत सामील होतो. परंतु एका यंत्राच्या दरबारात एरंड खरोखरच प्रधान आहे. ते यंत्र म्हणजे मॉडेल विमानाचे ग्लो इंजिन. नवे इंजिन रुळवण्याची, म्हणजेच ‘रन-इन’ करण्याची विद्या आज लोपत चालली आहे. तिचा हा अल्प इतिहास.

१८१७ मध्ये हंफ्री डेव्ही यांना आढळले की, तापवलेली प्लॅटिनमची तार ज्वालाग्राही वायू व हवा यांच्या मिश्रणात धरली असता ज्योत नसतानाही लालबुंद राहते. १९४७ मध्ये अमेरिकेतील रे आर्डेन यांनी याच गुणावर आधारलेला ग्लो प्लग बाजारात आणला. तोवर ठिणगीसाठी छोट्या विमानाला बॅटरी आणि कॉइल यांचे ओझे वाहावे लागे. आता दीड व्होल्टचा सेल केवळ प्रारंभी जोडावयाचा. पुढे मेथेनॉलची वाफ आणि दाबातून उत्पन्न होणारी उष्णता तार तापती ठेवते.

या इंजिनाला वंगणाची वेगळी टाकी नसते. वंगण इंधनातच मिसळावे लागते. मेथेनॉलमध्ये खनिज तेल विरघळत नाही, एरंडेल विरघळते, आणि प्रखर उष्णतेतही धातूवरचा आपला थर सोडत नाही. म्हणून ८० भाग मेथेनॉल व २० भाग एरंडेल हे जुने मिश्रण प्रमाण मानले गेले. मेथेनॉल हे जहाल विष आहे, हे मात्र २००९ चे अहमदाबादचे लठ्ठाकांड पाहिलेल्या आपल्या राज्यात निराळे सांगावयास नको.

एरंडेलाची ही कर्तबगारी जुनीच. १८६० मध्ये बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचा पहिला टप्पा अंकलेश्वरहून तापीच्या उत्तर तीरावरील उत्राणपर्यंत आला. त्या शतकात हिंदुस्थानातील रेल्वेत दिव्यांसाठी आणि वंगणासाठी एरंडेल वापरीत. पहिल्या महायुद्धातील विमानांची रोटरी इंजिनेही एरंडेलावरच चालत. पुढे १९६८ मध्ये एरंडीचे जगातील पहिले संकरित वाण गुजरातेतच प्रसृत झाले, आणि आज देशातील बहुतांश एरंडी याच राज्यात पिकते.

आता रुळवण्याविषयी. नवे इंजिन आरशासारखे चकाकत असले, तरी पिस्टन व सिलिंडर यांच्या पृष्ठभागांवर सूक्ष्म कंगोरे असतात. ते घासून एकमेकांशी जुळेपर्यंत घर्षण फार होते. पोलादी सिलिंडर व बिडाचा पिस्टन असलेले इंजिन फळीवर घट्ट बसवावे आणि इंधनाची सुई सैल ठेवून, भरपूर इंधनावर चालवावे. मग ते एक फेरा सोडून पेट घेते, आवाज जाडसर येतो, निळसर धुराबरोबर तेलाचे थेंब उडतात. तेच तेल उष्णता आणि झिजलेले कण बाहेर नेते. दोन-तीन मिनिटे चालवावे, पूर्ण थंड होऊ द्यावे, पुन्हा चालवावे. दर खेपेस सुई किंचित आवळावी. पितळी सिलिंडरला क्रोमचा मुलामा आणि आत ॲल्युमिनियमचा पिस्टन असलेल्या नंतरच्या इंजिनांना मात्र फार थंड चालणे मानवत नाही. त्यांचा सिलिंडर वरच्या टोकाशी अरुंद असतो. तो तापल्यावरच पिस्टनला पुरेशी जागा मिळते. त्यांना थोड्या वेळाच्या, पण उष्ण खेपा द्याव्या लागतात.

१९५० मध्ये राष्ट्रीय छात्र सेनेचा हवाई विभाग सुरू झाला. मॉडेल विमाने बनवणे व उडवणे हा त्याच्या शिक्षणाचा भाग असल्याने अनेक तरुणांना हा नाद लागला. आम्हांलाही एका मित्रामुळे तो लागला. त्याने शिकवणीचे पैसे साठवून एक इंजिन मिळवले होते. तापीकाठच्या मैदानात तो पाणी आणावयास गेला असता, त्या जाडसर आवाजाला कंटाळून आम्ही सुई आवळली. आवाज तार सप्तकात चढला. आम्ही हरखलो. काही क्षणांतच इंजिन करकरून थांबले. मित्र परतला, त्याने पंखा हाताने फिरवून पाहिला; तो हलेना. तो एक शब्दही बोलला नाही. नोकरीत पुढे अनेक ठपके सोसले, पण त्या मौनाएवढे जड कोणतेच वाटले नाही.

आज आमच्या नातवाचे विमान विजेच्या मोटारीवर उडते. सेल भरला की झाले. सोय निःसंशय मोठी आहे. पण नवे इंजिन रुळले की नाही, हे कानाने ओळखणारी माणसे दिवसेंदिवस कमी होत आहेत. आपल्यापैकी कोणाच्या माळ्यावर असे एखादे इंजिन पडून असेल, तर भंगारात देण्यापूर्वी त्याचा पंखा एकवार हाताने फिरवून पाहावा. वाळलेल्या एरंडेलाने तो घट्ट धरला असेल, तर जोर करू नये. सावकाश ऊब द्यावी. पुष्कळदा तो सुटतो.